रात्रीचा आकडा सुधारला, पुढे काय?

न्यू जर्सीत राहणारी माझी मावशी गेलं वर्षभर रात्री काकांचे श्वास मोजते. काकांच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. झोप लागली की त्यांचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, खोल होतो, मग तसाच विरत विरत थांबतो. घोरणं नाही, घशात काही अडकल्याचा आवाज नाही, धडपड नाही. मावशी मनात वीसपर्यंत, कधी तिसापर्यंत अंक मोजते, आणि मग एक मोठा श्वास येतो. "अरे, घोरणाऱ्या माणसाला निदान कुशीवर वळवता येतं. हे इतकं शांत असतं की त्या शांततेनेच मला जाग येते," ती म्हणाली. स्लीप स्टडी झाली, निदान आलं: सेंट्रल स्लीप अ‍ॅप्निया. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या, त्यात छातीत बसवायच्या एका यंत्राचा उल्लेख होता. त्या रविवारी सकाळी सकाळी तिचा फोन आला. "तू एवढं वाचत असतोस ना, मग सांग. बसवून घ्यावं का?"

मी डॉक्टर नाही. काकांनी काय करावं हे त्यांच्या डॉक्टरांनी आणि त्यांनी मिळून ठरवायचं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. पण तिच्या फोनमुळे मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका वेगळ्याच प्रश्नाशी येऊन थांबलो. तो फक्त काकांचा नाही. एखादं यंत्र रात्रीच्या तपासणीतला आकडा, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो, सुधारतं एवढं सिद्ध झालं असेल, तर ते माणसांच्या शरीरात बसवायला आणि त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यायला तेवढं पुरेसं आहे का? माझं मत आधीच सांगून टाकतो. बाजारात यायला पुरेसं आहे. लोकांच्या सामायिक पैशातून बिनशर्त द्यायला पुरेसं नाही, आणि 'आता तुमचं दुखणं गेलं' असं रुग्णाला सांगायला तर अजिबात नाही.

आधी आजार समजून घेऊ. आपल्याकडे स्लीप अ‍ॅप्निया म्हटलं की जाड मान, मोठं घोरणं आणि नाकावर मास्क लावून झोपणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो अडथळ्याचा प्रकार: मेंदू श्वास घे म्हणतो, छाती धडपडते, पण घसा मिटलेला असतो. सेंट्रल प्रकारात घसा उघडाच असतो, पण हुकूमच येत नाही. श्वासाचा हुकूम मेंदू मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायॉक्साइडवर नजर ठेवून देतो. हृदय दुबळं झालं की फुप्फुसातून निघालेलं रक्त मेंदूच्या या पहारेकऱ्यापर्यंत उशिरा पोचतं. जुन्या इमारतीत गिझर एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असला की काय होतं, आठवून बघा. गार लागतं म्हणून गरम पाण्याचा नळ फिरवत राहायचं, पाणी उशिरा येतं आणि आलं की एकदम चटका बसतो. मग घाईघाईने उलटा फिरवायचा आणि परत गारठायचं. शरीर अगदी तसंच करतं. कार्बन डायॉक्साइड वाढला असं कळेपर्यंत तो जास्तच वाढलेला असतो, मग दमदार श्वास घेत तो गरजेपेक्षा खाली नेला जातो, आणि खाली गेला की मेंदू म्हणतो, आता थांबलं तरी चालेल. ही भरती-ओहोटी डब्लिनमध्ये जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये लिहून ठेवली; आजही तिला चेन-स्टोक्स श्वसनच म्हणतात. प्रत्येक ओहोटीनंतर झोप अर्धवट मोडते, ऑक्सिजन खाली-वर होतो, हृदयावरचा ताण वाढतो. हृदय हे एकमेव कारण नाही. पक्षाघात, अफूच्या वर्गातली वेदनाशामकं, उंच डोंगरावरची विरळ हवा यांनीही असं होतं. कधी कारण सापडतच नाही.

यंत्राबद्दल बोलताना मावशीचा एक गोंधळ झाला आणि तो तिचा दोष नव्हता. ती म्हणाली, "नसेत तार घालतात म्हणे." मराठीत आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच. इथे दोन्ही आहेत. तार घालतात शिरेत. तिने जागं करायचं असतं शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला, म्हणजे फ्रेनिक नर्व्हला. मानेतून निघून छातीतून खाली श्वासपटलापर्यंत, म्हणजे फुप्फुसांखालच्या श्वास घेणाऱ्या स्नायूपर्यंत, जाणारा हा तंतू दोन्ही बाजूंना असतो. पेसमेकरसारखी एक डबी कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसवतात, तिची तार शिरेतून त्या तंतूच्या जवळ नेतात. माणूस रात्री आडवा झाला, हालचाल थांबली की डबी आपोआप सुरू होते, ठरावीक लयीत बारीक विद्युतझटके देते, श्वासपटलाची एक बाजू आकुंचन पावते आणि श्वास आत येतो. मधली ओहोटी येऊच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार. बसवल्यावर महिनाभर तार रुळू देतात, मग चालू करतात, आणि पुढे काही महिने झटका किती द्यायचा ते जुळवत राहतात. अमेरिकेत टीव्हीवर ज्याच्या जाहिराती सारख्या दिसतात ते जिभेच्या मज्जातंतूचं यंत्र वेगळं. ते २०१४ मध्ये मंजूर झालं आणि ते अडथळ्याच्या अ‍ॅप्नियासाठी आहे. ओळखीच्या कुणाला त्याने बरं वाटलं म्हणून हेही तसंच असेल, असं समजू नये.

कल्पना जुनी आहे आणि चांगली आहे. येल विद्यापीठातले शल्यचिकित्सक विल्यम ग्लेन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानेखाली लुळ्या पडलेल्या आणि आपोआप श्वास न घेऊ शकणाऱ्या माणसांच्या श्वासपटलाला वीज देऊन त्यांना व्हेंटिलेटरवरून उतरवलं. तिथे फायदा दाखवायला कुठल्या आकडेमोडीची गरज नव्हती. माणूस भिंतीतल्या प्लगपासून मोकळा झाला, हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. हृदयरुग्णाच्या सेंट्रल अ‍ॅप्नियात मात्र माणूस दिवसा नीट श्वास घेतोच. त्याला यंत्राने नेमकं काय दिलं, हे शोधावं लागतं.

मिनेसोटातल्या रेस्पिकार्डिया कंपनीने बनवलेल्या 'रेमेडे' या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजुरी दिली; २०२१ मध्ये ही कंपनी झोल या कंपनीने घेतली. मंजुरीचा आधार होती १५१ रुग्णांवरची चाचणी, अमेरिका, जर्मनी आणि पोलंडमधल्या ३१ केंद्रांवर झालेली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली. यंत्र सगळ्यांनाच बसवायचं ठरलं. ते १४७ जणांत बसलं. चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून एका गटात ते सुरू केलं आणि दुसऱ्यात सहा महिने बंद ठेवलं. कसोटी अशी: तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो हा आकडा निम्म्यावर आला का? सुरू गटात ५१ टक्के लोकांचा आला, बंद गटात ११ टक्के लोकांचा. फरक खरा आहे, मोठा आहे. पुढे पाच वर्षं ज्यांना बघितलं त्यांच्यातही आकड्यातली सुधारणा टिकली. वर्षभरात ९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रिया, यंत्र किंवा उपचार यांतून काहीतरी गंभीर त्रास झाला, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांनी झटक्यांची अस्वस्थता सांगितली, ती बहुतेक वेळा जुळवाजुळव करून मिटली.

या चाचणीविषयी मला आदर आहे. यंत्र सगळ्यांना बसवून निम्म्यांचं बंद ठेवणं हा प्रामाणिक मार्ग होता, कारण शस्त्रक्रियेचा मानसिक परिणाम दोन्ही गटांत सारखा वाटला गेला. माझी अडचण आहे ती 'आकडा निम्मा' या कसोटीशी. तासाला चाळीसवरून वीसवर येणं म्हणजे काकांचं नेमकं काय सुधारणं? ते जास्त जगतील का, दवाखान्याच्या वाऱ्या कमी होतील का, जिना चढताना दम कमी लागेल का? १५१ माणसांत हे ठरवताच येत नाही. हृदय दुबळं असलेल्या ९६ जणांचा वेगळा हिशेब नंतर मांडला गेला. सहा महिन्यांत हृदयविकाराने दवाखान्यात भरती व्हावं लागलेले सुरू गटात सुमारे ५ टक्के आणि बंद गटात १७ टक्के होते. ऐकायला आशादायक. पण माणसं इतकी थोडी की हा फरक नशिबाचाही असू शकतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या चाळणीतून तो पार झाला नाही. अशा आकड्याने मोठी चाचणी करायला बळ मिळावं. तो निर्णय म्हणून वापरला जाऊ नये.

इथे कुणी म्हणेल, श्वास थांबणं वाईट, तो थांबू न देणं चांगलं, यात सिद्ध काय करायचंय? मलाही आधी तसंच वाटत होतं. मग मी 'सर्व्ह-एचएफ' या चाचणीचा निकाल वाचला आणि माझा हा आत्मविश्वास संपला.

ती चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १,३२५ रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी, सगळ्यांना प्रामुख्याने सेंट्रल अ‍ॅप्निया. उपचार होता मास्कमधून हवा देणारं एक अत्यंत हुशार मशीन, जे श्वासागणिक दाब कमी-जास्त करत ओहोटी भरून काढतं. रात्रीच्या आकड्याच्या बाबतीत त्याने कमाल केली: तासाला ३१ च्या आसपास असलेला आकडा वर्षात सातच्या खाली आला. रेमेडेपेक्षाही स्वच्छ निकाल. आणि मृत्यू वाढले. मशीन वापरणाऱ्या गटातले सुमारे ३५ टक्के लोक गेले, न वापरणाऱ्यांतले सुमारे २९ टक्के. हृदयविकाराने मृत्यूचा धोका एकतृतीयांशाने वाढलेला होता. लोक चांगले झोपत होते, निदान मशीनच्या कागदावर तरी, आणि जास्त मरत होते. ही चाचणी झाली नसती तर ते मशीन आज हजारो दुबळ्या हृदयांना 'झोपेचा इलाज' म्हणून दिलं गेलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं, कारण दुबळ्या हृदयाचा माणूस गेला तर घरचे कुठल्या मास्ककडे बोट दाखवणार? वैद्यकाला हा धडा नवा नव्हता. हार्ट अटॅकनंतर पडणारे जास्तीचे ठोके दाबणारी औषधं अमेरिकेत सर्रास दिली जात होती. ठोके छान दबत होते. चाचणी केली तेव्हा १९९१ मध्ये आकडे आले: औषध घेणाऱ्यांत ६३ मृत्यू, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.

रेमेडेच्या बाजूने इथे एक सशक्त मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मास्क छातीत हवा ढकलतो. त्या दाबाने दुबळ्या हृदयाकडे परतणारं रक्त कमी होऊ शकतं, आणि कदाचित म्हणूनच नुकसान झालं असावं. मज्जातंतूचं यंत्र हवा ढकलत नाही. ते श्वासपटल खाली ओढतं, आपण जन्मापासून घेतो तसाच श्वास घडवतं. म्हणजे मास्कची शिक्षा याला देऊ नये. मला हे पटतं. पण सर्व्ह-एचएफच्या निकालाचं दुसरंही एक स्पष्टीकरण मांडलं गेलंय. ही श्वासाची भरती-ओहोटी थकलेल्या शरीराने स्वतःच शोधलेली सोय असू शकते: श्वासाच्या स्नायूंना मधूनमधून विश्रांती, रक्ताचं आम्लपण आटोक्यात. तसं असेल तर ती मोडणारा कोणताही उपचार, मास्क असो की तार, शरीराची सोय हिरावून घेतो. पुढे २०२३ च्या शेवटी आणखी एका मास्क चाचणीचा निकाल आला. ७३१ रुग्ण, जरा वेगळ्या पद्धतीचं मशीन. तिथे नुकसान दिसलं नाही, पण आयुष्यात फायदाही दिसला नाही. दोनांपैकी कोणतं स्पष्टीकरण खरं हे आजही ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत 'आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला' असं म्हणायची परवानगी कुणालाच नाही असं मला वाटतं.

मग आयुष्य वाढलं पाहिजे, नाहीतर उपचार नको, असा माझा हट्ट आहे का? नाही. मावशीने मला यावर चांगलंच सुनावलं. "आयुष्य किती ते देवाच्या हातात. यांना रात्री सलग चार तास झोप लागली आणि दुपारी पेपर वाचताना मान पडली नाही, तरी मला पुष्कळ झालं." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. झोप हा स्वतःच एक फायदा आहे, त्याला मृत्यूदराची पावती लागत नाही. चाचणीत याबद्दलचा आकडा फार मोठा होता: आपली तब्येत बऱ्यापैकी किंवा खूप सुधारली असं सुरू गटातल्या ६० टक्के लोकांनी सांगितलं, बंद गटातल्या ६ टक्क्यांनी.

पण इथेच मला सगळ्यात जास्त शंका येते. आपलं यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णांपासून लपवलेलं नव्हतं. ज्याला माहीत आहे की छातीतली डबी काम करतेय तो बरं वाटतं म्हणतो, आणि जो सहा महिने बंद डबी घेऊन वाट बघत बसलाय तो काय म्हणेल? यात दोष कुणाचाही नाही. माणूस असाच आहे. रक्तदाबासाठी मूत्रपिंडाच्या धमन्यांभोवतीचे मज्जातंतू जाळण्याच्या उपचाराचं असंच झालं. सुरुवातीच्या उघड्या चाचण्यांत रक्तदाब इतका उतरला की जगभर दवाखाने ते करायला लागले. २०१४ मध्ये ५३५ रुग्णांवर खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करून चाचणी झाली आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला. गोष्ट तिथेच संपली नाही, आणि म्हणून मला ती आवडते: लोकांनी तंत्र सुधारलं, पुन्हा काटेकोर चाचण्या केल्या, माफक पण खरा फायदा दाखवला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळवली. कठोर कसोटीने तो उपचार मारला नाही. त्याला त्याचं खरं माप दिलं.

रेमेडेला हे करणं इतर कुठल्याही उपकरणापेक्षा सोपं आहे. नवी शस्त्रक्रिया लागत नाही, खोटी शस्त्रक्रिया तर नाहीच. यंत्र बाहेरून संगणकाने चालू-बंद करता येतं. ज्यांच्या छातीत ते आधीच बसलंय आणि झटके जाणवेनासे झालेत, त्यांच्यातल्या राजी असलेल्यांना विचारा: दोन महिने चालू, दोन महिने बंद, कधी काय ते तुम्हाला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगणार नाही, झोप, थकवा, चालणं आम्ही मोजू. काहींना झटका कळेल आणि गुपित फुटेल, हे मान्य. तरीही आज आपल्याकडे जे आहे त्यापेक्षा ते कितीतरी जास्त असेल. हे अजून सर्वसाधारण अट म्हणून का मागितलं जात नाही, याचं मला खरोखर दुःख वाटतं. खर्च नगण्य आहे आणि रुग्णांच्या मनातला प्रश्न नेमका हाच आहे.

आता पैसे. २०१९ च्या आर्थिक वर्षासाठी अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, नव्या तंत्रज्ञानाचं जादा अनुदान म्हणून हे यंत्र यादीत घेतलं तेव्हा त्याची किंमत ३४,५०० डॉलर धरली होती आणि रुग्णालयाला नेहमीच्या रकमेवर जास्तीत जास्त १७,२५० डॉलर द्यायचं ठरवलं होतं. आजच्या भावाने किंमत तीस लाख रुपयांच्या आसपास जाते, शस्त्रक्रिया आणि पुढे बॅटरी संपल्यावरची बदली सोडून. मेडिकेअर हा पैसा करदात्यांचा. तो देताना सरकारने एवढी तरी अट घालायला हवी होती: पैसे देतो, पण प्रत्येक रुग्णाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत, आणि काही वर्षांत मोठी चाचणी, नाहीतर पैसे बंद. उपकरणांसाठी पुराव्याच्या अटीवर पैसे देण्याची पद्धत मेडिकेअरकडे आहे आणि इतर काही उपचारांसाठी ती वापरलीही आहे.

कंपनीला मी दोष देत नाही. तिने पैसा लावला, चाचणी केली, निकाल छापले. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे जिथे ज्यातून पैसा मिळतो तेवढ्याचाच पुरावा तयार होतो. लेह-लडाखला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेल्या कुठल्याही ट्रेकरला विचारा, तंबूत शेजारच्याचा श्वास रात्री थांबताना त्याने ऐकलेला असतो. तोही सेंट्रल अ‍ॅप्नियाच, उंचीवरचा. आणि त्यावर सगळ्यांच्या औषधांच्या पिशवीत असतं डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड; काही रुपयांची गोळी. हीच गोळी हृदयरुग्णांच्या सेंट्रल अ‍ॅप्नियातही आकडा उतरवते, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. मोठी चाचणी कोण करणार? या गोळीचं पेटंट कधीच संपलंय. रात्री नाकातून थोडा ऑक्सिजन देण्याची अमेरिकेतली सरकारी पैशावरची मोठी चाचणी रुग्ण पुरेसे न मिळाल्याने मध्येच गुंडाळावी लागली. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ मध्ये सेंट्रल अ‍ॅप्नियासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ही गोळी, ऑक्सिजन, वेगवेगळी मास्क-मशीनं आणि फ्रेनिक नर्व्हचं यंत्र हे सगळे 'परिस्थिती बघून सुचवतो' अशा सौम्य शब्दांत एका रांगेत बसलेत. काही रुपयांची गोळी आणि तीस लाखांचं यंत्र एकाच रांगेत, कारण पुरावा दोघांचाही अपुरा. आणि जाहिरात करायला माणूस फक्त एकाकडे आहे.

शिवाय पहिला इलाज अजून हृदयाचाच आहे. हृदय सुधारलं की श्वासाची ओहोटी बऱ्याचदा आपोआप कमी होते. हार्ट फेल्युअरची नवी औषधं गेल्या दहा वर्षांत खरोखर आयुष्य वाढवणारी ठरलीत, हजारो रुग्णांच्या चाचण्यांत. त्यांतल्याच एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. अशी औषधं पूर्ण मात्रेत, सगळ्या रुग्णांपर्यंत पोचवणं हे कंटाळवाणं काम आहे. त्याची बातमी होत नाही. पण एक रुपया कुठे खर्च करावा असं मला कुणी विचारलं, तर मी तिकडे बोट दाखवीन.

यात आपला काय संबंध, असं इथे कुणाला वाटू शकतं. संबंध सरळ आहे. आपल्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अशी तरतूद आहे की अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपीय संघात विक्रीची मोकळीक मिळालेल्या उपकरणाला इथे नव्याने चाचणी न घेता आयातीचा परवाना देता येतो. म्हणजे वॉशिंग्टनजवळ बसून जी कसोटी ठरते, ती उद्या आपलीही कसोटी होते. आणि बसवल्यानंतर माणसाचा माग ठेवण्यात आपण किती कच्चे आहोत हे एएसआर या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात दिसलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा तो धातूचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने इथे ते प्रकरण लावून धरलं. तोपर्यंत देशात सुमारे ४,७०० जणांना तो बसला होता, आणि केंद्राच्या समितीने शोध घेतला तेव्हा त्यांतले तब्बल ३,६०० जण सापडलेच नाहीत. भरपाईचं सूत्र २०१८ मध्ये ठरलं, पण भरपाई द्यायची तर माणूस सापडायला हवा. त्यांच्यातल्या कुणाच्या रक्तात आज धातू उतरतोय, कुणालाच माहीत नाही.

म्हणून माझी मागणी इथल्या सरकारकडेही आहे. असं शरीरात बसणारं आणि वर्षानुवर्षं वीज देणारं उपकरण आपल्याकडे येईल तेव्हा परवान्यासोबत नोंदवही सक्तीची करा: कुणाला बसवलं, कुठे, कुठला क्रमांक, वर्षाने तो कसा आहे. रुग्णाच्या हातात मराठीत छापलेलं कार्ड द्या, ज्यावर यंत्राचं नाव आणि 'एमआरआय करण्याआधी विचारा' एवढं तरी असेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. असं एक यंत्र म्हणजे सहा कुटुंबांचं पूर्ण वर्षाचं संरक्षण. ते यादीत घालायचा दबाव एक दिवस येईल, कारण दबाव नेहमीच येतो, आणि तो एखाद्या खऱ्या दुःखी कुटुंबाच्या तोंडून येईल. त्या कुटुंबाला नाही म्हणणं मला जमणार नाही. म्हणूनच कसोटी काय ते आधी, शांत डोक्याने, लिहून ठेवलेलं असावं.

मावशीला मी शेवटी सहा प्रश्न लिहून दिले, डॉक्टरांना विचारायला. हृदयाची सगळी औषधं पूर्ण मात्रेत आहेत का, हा पहिला. ती ते कागदावर उतरवून घेऊन गेली. डॉक्टर रागावले नाहीत, उलट पाऊण तास बसले. दोन औषधं वाढवलीत, एक नवीन दिलंय. स्लीप स्टडी तीन महिन्यांनी परत होणार आहे. ओहोटी तेव्हाही तशीच असली, काका दिवसा असेच पेंगत असले आणि त्यांना स्वतःला यंत्र हवं असं वाटलं, तर त्यांनी ते बसवून घ्यावं असंच मी म्हणेन, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी फोनवर जागा राहीन. परवा काकाच फोनवर आले होते. म्हणाले, "तुझ्या मावशीला सांग, मोजणं बंद कर म्हणावं. मी श्वास घेतो की नाही ते मला कळत नाही, पण ती रात्रभर जागी असते ते कळतं."